तांतो आणि वाकिझाशी: घेताना काय पाहायचं, घेतल्यावर काय करायचं नाही

गजवेल:

आखूड जपानी पात्यांबद्दलचे (तांतो म्हणजे खंजीर, वाकिझाशी म्हणजे आखूड तलवार) प्रश्न इथे निरनिराळ्या धाग्यांत विखुरलेत. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. ज्यांना जास्त माहीत आहे त्यांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे टोकावं.

आधी मोजमाप. पात्याची लांबी टोकापासून पाठीकडच्या खाचेपर्यंत (मुनेमाची) सरळ रेषेत मोजतात. टेप वाकाच्या कडेने फिरवायची नाही आणि मुठीत जाणारा भाग त्यात धरायचा नाही. १ शाकू म्हणजे ३०.३ सेंमी. त्याच्या आतलं पातं तांतो, तिथून २ शाकूपर्यंत (६०.६ सेंमी) वाकिझाशी, त्यापुढे कताना, म्हणजे लांब तलवार. चौदाव्या शतकात तांतोसारखीच सपाट बाजूंची, पण थोडी लांब आणि रुंद पाती बरीच बनली. त्यांना सुन्नोबी म्हणतात. ती दिसायला तांतो असली तरी कागदावर बहुतेक वेळा वाकिझाशी म्हणून नोंदलेली असतात, त्यामुळे विक्रेत्याच्या वर्णनात दोन्ही शब्द दिसले तर लगेच संशय घेऊ नका.

घेताना नजर आधी धारेवर जाते. ती आधी मुठीत लपलेल्या भागावर, म्हणजे नाकागोवर जायला हवी. फोटोत नाकागोच्या दोन्ही बाजू नसतील तर मागून घ्या, मिळत नसतील तर ते पातं सोडा. वय, घराणं, सही, पातं नंतर आखूड केलंय का, सगळं तिथे वाचता येतं. पात्याचा वरचा भाग शतकानुशतकं पुन्हा पुन्हा सहाणेवर गेलेला असतो, नाकागोला मात्र कोणी हात लावलेला नसतो. म्हणूनच त्यावरचा काळपट गंज हा मळ नव्हे, तो त्या पात्याचा दाखला आहे.

आता उघडायची रीत. तांतोच्या बाबतीत बरेच अपघात इथेच होतात.

म्यान डाव्या हातात खालून, मूठ उजव्या हातात वरून, धार वरच्या बाजूला. पाठ म्यानाच्या लाकडावरून सरकू द्या आणि एका सरळ चालीत बाहेर काढा. हात वळला की पात्याची बाजू लाकडाला घासते, बारीक चरे पडतात आणि म्यानाचं तोंडही आतून कापलं जातं. मग मुठीतली बांबूची खुंटी (मेकुगी) काढायची. ती निमुळती असते, म्हणून बारीक टोकाकडून पितळी हातोडीच्या खिळ्याने ढकला. जाड बाजूने ठोकलं तर ती अजून घट्ट बसते आणि भोकाची कड चेपते.

खुंटी निघाल्यावर डाव्या मुठीत हत्याराची मूठ तळाशी धरा, पातं उभं आणि किंचित तिरकं, धार स्वतःकडे नको. उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलका ठोसा द्या. कतानाला द्याल तेवढ्या जोराने इथे मारलं तर आखूड, हलकं पातं मुठीतून उडी मारून बाहेर येतं. नाकागो अर्धा-पाऊण सेंमी वर आला की थांबा आणि धातूच्या कॉलरला (हाबाकी) पाठीकडून धरून उचला. हाबाकी अडकली असेल तर ती कापडात गुंडाळून पाठीच्या बाजूने लाकडी ठोकणीने हलकेच खाली उतरवा, पकडीने ओढू नका.

जुनं तेल काढायला मऊ वाशी (हाताने बनवलेला जपानी) कागद हातात चांगला चुरगाळून घ्या, नाहीतर कागदातले कडक तंतू चरे पाडतात. कागद पाठीकडून पात्यावर घडी करून धरा आणि बुडापासून टोकाकडे एकाच दिशेने पुसत न्या. पुढे-मागे घासलं की बोटं कधीतरी धारेवर जातातच. टोकापाशी दाब कमी करा. नवं तेल तांतोला दोन-तीन थेंब पुष्कळ. ते कापडावर घ्यायचं, थेट पात्यावर ओतायचं नाही. लावल्यावर थेंब गोळा होताना दिसले तर तेल जास्त झालंय. जास्तीचं तेल म्यानात झिरपतं, लाकूड ते पितं, त्यात धूळ चिकटते, आणि पुढच्या प्रत्येक वेळी पातं त्या धुळीवरून घासत जातं.

नव्याने पॉलिश झालेल्या पात्याला पहिले काही महिने दर दोन-तीन आठवड्यांनी बघावं लागतं. नंतर तीन ते सहा महिन्यांनी एकदा पुरे. दर आठवड्याला काढून पुसण्याने पात्याचं नुकसानच होतं.

एक शंका:

छान सुरुवात. नाकागोला हात लावायचा नाही हे कळलं, पण त्यावर नारिंगी गंज दिसत असेल तर? तोही दाखलाच समजायचा का? आणि सही गंजात बुजली असेल तर ती वाचायला थोडं साफ करायला काय हरकत आहे?

गजवेल:

@एक शंका, काळा किंवा गडद तपकिरी, गुळगुळीत, बोटाला न लागणारा गंज स्थिर असतो. नारिंगी आणि भुकटी सुटणारा गंज चालू असतो. चालू गंजावर उपाय एवढाच: कोरड्या मऊ कापडाने सुटी भुकटी टिपा, मग तेलाचा हात लागलेलं कापड एकदाच फिरवा आणि कोरड्या कापडाने पुन्हा टिपून घ्या. मुठीच्या आतलं लाकूड ओलं किंवा तेलकट आहे का तेही बघा, कारण नाकागोवर नवा गंज आला तर कारण बहुतेक तिथेच असतं. तारेचा ब्रश, चिंच-लिंबू, गंज काढायची रसायनं, यातलं काहीही नाही.

सहीसाठीसुद्धा घासायचं नाही. सही वाचायची ती तिरप्या उजेडात. खोली अंधारी करून टॉर्च नाकागोला जवळजवळ समांतर धरली की छिन्नीच्या खोबणी सावलीने उठून दिसतात. जपानी लोक पातळ वाशी कागद नाकागोवर ताणून त्यावर मेणकट शाईची कांडी (सेक्काबोकु) फिरवतात. शाळेत नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसाच हा प्रकार. खोलगट भाग पांढरा राहतो, बाकी काळं होतं. या ठशाला ओशिगाता म्हणतात आणि तज्ज्ञाला पाठवायला तो फोटोपेक्षा पुष्कळदा उपयोगी पडतो.

गंजाखाली आणखी काय असतं तेही सांगतो, म्हणजे घासल्याने काय जातं ते कळेल. नाकागोवर कानशीच्या रेघा असतात (यासुरिमे). आडव्या, तिरक्या, किंवा ससाण्याच्या पिसासारख्या दोन बाजूंनी मधोमध येणाऱ्या. कोणत्या घराण्यात कानस कशी चालवायची हे ठरलेलं असे. नाकागोचा आकारही बोलतो. कामाकुरा काळातल्या (बारावं ते चौदावं शतक) तांतोंत किमोनोच्या बाहीसारखा वळलेला नाकागो सापडतो. ईसे प्रांतातल्या मुरामासा या लोहाराच्या पात्यांचा माशाच्या पोटासारखा फुगीर असतो. घासलेल्या नाकागोवर रेघांच्या कडा बोथट होतात आणि गंजाचा एकसारखा थर तुटतो. मग सही खरी असली तरी ती खरी आहे हे दाखवायला पुरावा उरत नाही.

ओसाकावासी:

धागा आवडला. एक मुद्दा राहिला: उचिको. ती रेशमी गोळी, पात्यावर ठोकून पांढरी पूड पाडतात ती. निगेच्या प्रत्येक पेटीत ती असते आणि नवखे लोक भक्तिभावाने वापरतात. ही पूड पॉलिशच्याच दगडाची, उचिगुमोरीची, वस्त्रगाळ केलेली असते. म्हणजे दर वापराला आपण पात्याला किंचित पॉलिश करत असतो. चांगल्या प्रतीची पूड असली तरी वर्षानुवर्षांनी शेवटच्या टप्प्यातलं काम, धारेजवळची पांढरट छटा आणि वरच्या भागाचा गडद रंग, पुसट होतं. स्वस्त गोळ्यांत तर खडे असतात. नखावर घासून पाहा, कचकच लागली तर फेकून द्या.

माझं मत स्पष्ट आहे. ताज्या पॉलिशच्या पात्याला उचिको नको. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कागदावर घेऊन जुनं तेल काढा, उडून जाऊ द्या, मग नवं तेल लावा. हात धुवायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीनही असतं. अल्कोहोल लाखेच्या म्यानावर किंवा मुठीच्या दोऱ्यावर सांडू देऊ नका.

सोनचाफा:

@ओसाकावासी, ताज्या पॉलिशबद्दल पूर्ण सहमत. पण जुन्या, मऊ पडलेल्या पॉलिशच्या पात्यावर तेलाचा पिवळट थर वाळून बसलेला असतो, तो नुसत्या अल्कोहोलने सगळा निघत नाही. तिथे चांगली उचिको हलक्या हाताने, वर्षातून एखाद्या वेळी, मला योग्य वाटते. जपानमध्ये पिढ्यान्पिढ्या उचिकोनेच सांभाळलेल्या पात्यांना एक खोल, शांत रंग येतो आणि तो मुद्दाम जपणारे संग्राहक आहेत. फक्त गंजाचा ठिपका घालवायला ती वापरू नये. ठिपका जात नाही, त्याच्याभोवतीचं पोलाद मात्र झिजतं.

तेलाबद्दल एक खबरदारी. जपानी चोजी तेल म्हणजे बव्हंशी हलकं खनिज तेल, त्यात लवंगतेल वासापुरतं. नाव वाचून औषधाच्या दुकानातलं दाताचं लवंगतेल कोणी लावू नये, ते हवेने घट्ट आणि पिवळं होतं. खोबरेल आणि तिळाचं तेलही नको. शिलाई मशिनचं शुद्ध, बिनरंगी तेल त्याहून पुष्कळ चांगलं.

एक शंका:

आणि मुंबई-कोकणातला पावसाळा? इथे कात्रीसुद्धा गंजते.

सोनचाफा:

पातं साध्या पांढऱ्या लाकडी म्यानात ठेवायचं, त्याला शिरासाया म्हणतात. सजवलेली मूठ आणि म्यान (कोशिराए) वेगळं, आत लाकडी नकली पातं (त्सुनागी) घालून. शिरासायाचं लाकूड होओ या झाडाचं. हे झाड आपल्या सोनचाफ्याच्याच प्रजातीतलं, मॅग्नोलिया. मऊ, कमी राळेचं, पात्याला ओरखडे न पाडणारं. त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे दोन फाळी भाताच्या खळीने चिकटवलेल्या असतात. आत तेल साचलं किंवा गंजाचे कण अडकले की कारागीर फाळी उकलतो, आतून तासतो आणि पुन्हा चिकटवतो. फेव्हिकॉल किंवा इपॉक्सीने दुरुस्त केलेलं म्यान पुन्हा असं उघडत नाही, चिरूनच काढावं लागतं. म्हणून तडा गेलेलं म्यान घरी चिकटवू नका.

दर वेळी गंजाचा ठिपका पात्यावर त्याच जागी येत असेल तर दोष म्यानात आहे. पातं कितीही पुसलं तरी तो परत येईल.

कपाटातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहणं महत्त्वाचं. खूप कोरडं केलं तर म्यान आकसतं, तडकतं, लाख उचलते, मुठीवरचं पाकटाचं कातडं सुटतं. म्हणून बंद डब्यात सिलिका जेल भरमसाट ओतून विसरून जाणंही चुकीचंच. एक छोटा आर्द्रतामापक आत ठेवा आणि जेल तेवढ्यापुरतं. कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून नको. नवं प्लायवूड किंवा ओकचं कपाटही नको, त्यातून आम्लाची वाफ येत राहते. हत्यार आडवं ठेवा. उभं ठेवलं की तेल ओघळून एका टोकाला साचतं.

ओसाकावासी:

कायद्याचं लिहितो, कारण यात लोक फसतात.

जपानमध्ये प्रत्येक खऱ्या पात्याबरोबर प्रांताच्या शिक्षण मंडळाचं नोंदणीपत्र (तोरोकुशो) असतं. ते मालकाचा परवाना नाही, पात्याचं ओळखपत्र आहे. त्यावर प्रकार, लांबी, वाक, खुंटीच्या भोकांची संख्या आणि सही लिहिलेली असते. विकत घेताना हातातलं पातं आणि कागद ताडून पाहा, भोकांची संख्यासुद्धा मोजा. मालक बदलला की २० दिवसांच्या आत कळवावं लागतं. देशाबाहेर न्यायचं तर सांस्कृतिक व्यवहार संस्थेचं प्रमाणपत्र लागतं आणि तोरोकुशो परत जातं, म्हणजे परदेशातल्या पात्याबरोबर मूळ तोरोकुशो असेल तर प्रश्न विचारायला हवा. राष्ट्रीय संपत्ती आणि महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता म्हणून जाहीर झालेली पाती बाहेर जाऊच शकत नाहीत.

नोंदणीपत्र म्हणजे तज्ज्ञांचा निवाडा नव्हे. त्यावर सही नोंदलेली असली तरी ती खरी आहे असं ते म्हणत नाही. निवाडा वेगळा. तो १९४८ साली स्थापन झालेली एनबीटीएचके ही जपानी तलवारींचं जतन करणारी संस्था देते: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो, तोकुबेत्सु जुयो, अशा चढत्या पायऱ्यांनी. तोक्योत र्‍योगोकूला त्यांचं तलवार संग्रहालय आहे, २०१८ पासून तिथे. जाणं झालं तर काचेसमोर वाकून, दिव्याचं प्रतिबिंब पात्यावरून सरकताना पाहा. फोटोत न दिसणारं पुष्कळ तिथे दिसतं. १९८२ च्या आधीच्या पद्धतीतले हिरवे-पांढरे जुने कागद (किचो, तोकुबेत्सु किचो) असतील आणि सही मोठ्या नावाची असेल, तर नव्या कागदाशिवाय त्यावर पैसे लावू नका.

भारतात आणणाऱ्यांनी शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ आधी वाचावेत. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार त्यात येतं आणि ९ इंच म्हणजे २२.९ सेंमी, बहुतेक तांतो त्याहून लांब. पार्सल निघायच्या आधी परवान्याचं काम जाणकार वकिलाकडून करून घ्या, नंतर कस्टममध्ये धावपळ करून उपयोग होत नाही. कोशिराएत हस्तिदंत किंवा कासवाची पाठ असेल तर सायटीसचे (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियमही लागू होतात.

निहाई:

दोषांबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि पैसे बुडतात ते तिथेच.

सगळ्यात वाईट हागिरी. धारेपासून वर, धारेला काटकोनात जाणारी केसासारखी चीर. पाणी देताना (तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करताना) किंवा वापरात पडते आणि ती दुरुस्त होत नाही. मोठ्या फोटोतही सहज सुटते. पातं एका बिंदूच्या दिव्याखाली, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली नव्हे, हळूहळू झुकवत धारेची पूर्ण लांबी पाहावी. त्या मानाने लोखंडाच्या थरांच्या दिशेने गेलेली चीर (वारे) किंवा फुगवटा (फुकुरे) हा सौंदर्याचा दोष आहे, किंमत कमी करून घ्यायला हरकत नाही. टोकाच्या भागात कावळ्याच्या चोचीसारखी फट दिसली (करासुगुची) तर मात्र सोडा.

दुसरं, आगीत सापडलेली आणि पुन्हा पाणी दिलेली पाती, साइहा. धारेच्या खाचेपाशी पात्यावर तिरकी, धुरकट सावली उठते, तिला मिझुकागे म्हणतात. ती दिसली की सावध व्हायचं. पण नुसत्या त्यावरून निकाल देऊ नका, होरिकावा कुनिहिरोसारख्या थोर लोहाराच्या अस्सल कामातही ती असते.

तिसरं, मोडक्या लांब तलवारीच्या टोकाचा किंवा मधल्या तुकड्याचा केलेला तांतो. पाणी दिल्याची रेषा (हामोन) टोकात शिरून पाठीकडे वळायला हवी. ती टोकातून सरळ बाहेर पडत असेल तर तुकड्याचा संशय घ्या. काही घराण्यांत न वळणारी रेषाही असते, म्हणून हा पुरावा नाकागोबरोबर जोडून वाचायचा.

आणि नव्या नकला. त्यांचा हामोन आम्लाने उमटवलेला असतो: एकसारखा पांढरा, कडा कापल्यासारखी. दिव्याखाली झुकवला तरी त्यात काही हलत नाही. खऱ्या हामोनच्या सीमेवर बारीक चकाकते कण किंवा धुक्यासारखी पट्टी दिसते आणि कोन बदलला की ती जागते, विझते. नकलेचा नाकागो एकरंगी केशरी असतो आणि कानशीच्या कडा हाताला टोचतात.

एक शंका:

@निहाई, फार उपयोगी. मग पहिलं पातं कोणतं घ्यावं? सतराव्या शतकातला सही असलेला तांतो एके ठिकाणी विकायला आहे.

निहाई:

सतराव्या शतकाच्या मध्यावरचा सही असलेला तांतो म्हटलं की मी दुप्पट काळजीने पाहीन. एदो काळ (१६०३ ते १८६८) स्थिरावल्यावर तांतो फार कमी बनले, शहरी लोकांना चालणाऱ्या वाकिझाशी मात्र भरपूर बनल्या. त्यामुळे पहिल्या खरेदीला त्याच काळातली, होझोन कागद असलेली, धड पॉलिशची वाकिझाशी घ्यावी. तेवढ्या पैशात पोलाद जास्त चांगलं मिळतं आणि त्याच्यावर डोळा तयार होतो. मोठ्या नावाची पण कागद नसलेली सही घेण्यापेक्षा बिनसहीचं प्रामाणिक पातं बरं. खोटी सही ठरली की कागद मिळत नाही, आणि मग लोक ती सही खरवडून काढायला जातात. तो घाव कायमचा.

गजवेल:

पॉलिशबद्दल शेवटचं, कारण खासगी संदेशांत तेच विचारलं जातंय. घरी नाही, काहीही झालं तरी नाही. सपाट दिसणारी तांतोची बाजू खरं तर किंचित फुगीर असते. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर लावून घासला की तो फुगवटा जातो आणि पाठीच्या कडा गोल होतात. तो आकार परत आणायला तोगिशीला म्हणजे पॉलिशच्या कारागिराला पुन्हा पहिल्या, भरड दगडापासून सुरुवात करावी लागते आणि आणखी पोलाद काढावं लागतं. पात्याची वरची चांगली कातडी आधीच पातळ असेल तर आतलं मऊ, निस्तेज लोखंड उघडं पडतं, आणि ते झाकता येत नाही. पातं गंजलेलं असेल आणि आत काय आहे ते जाणायचं असेल तर तोगिशीकडून एक छोटी खिडकी उघडून घ्या. दोन-तीन सेंमीचाच भाग पॉलिश करून तो दाखवतो. पूर्ण पॉलिशचा खर्च करायचा की नाही हे त्यावरून ठरवता येतं. तोवर तेल लावा आणि हात आवरा.

एक शंका:

खुंटी सैल झाली असेल तर काडी घालून चालेल का?

गजवेल:

मऊ लाकडाची काडी नको, धातूचा खिळा तर अजिबात नको, तो नाकागोचं भोक रुंदावतो. जुन्या, वाळलेल्या बांबूची, सालीकडच्या दाट तंतूंची निमुळती खुंटी करून घ्या. अंगठ्याने दाबून बसली पाहिजे आणि दोन्ही बाजूंना मुठीच्या पृष्ठभागाबाहेर यायला नको. ती हातोडीने ठोकावी लागत असेल तर जाड आहे, आणि पातं हलवल्यावर मूठ टिकटिक वाजत असेल तर अजून बारीक आहे.